खडू फिरवून पिन टाकली म्हणजे नोंद झाली?

सडेकर
काल इथे एक रील आलं. राजापूरकडच्या सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचं, नवीन कातळशिल्प: खडकात कोरलेला एक मासा आणि दोन माणसं. रेषा पांढऱ्या खडूने ठसठशीत गिरवलेल्या, खाली लोकेशनची पिन आणि आवाहन असं की प्रत्येक कोकणी माणसाने आपल्या गावची शिल्पं अशीच नोंदवावीत. लाईकचा पाऊस पडला. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लांबण लावतोय.

खडू फिरवलात की शिल्प दिसत नाही, तुमचा अंदाज दिसतो. जांभ्याला मुळातच भोकं, चिरा, पाण्याने खाल्लेल्या खाचा असतात. यातली माणसाने कोरलेली कुठली आणि पावसाने केलेली कुठली, हे जाणकारही सकाळच्या आणि संध्याकाळच्या उजेडात पुन्हा पुन्हा बघून ठरवतात. रीलवाल्या भाऊंनी दोन मिनिटांत माशाला कल्ला काढून दिला! मी तिथे जाऊन आलोय, ती नुसती चीर आहे. आता पुढचे दहाजण तो कल्ला खरा धरणार. आणि खडूची पूड त्या भोकांत बसली की एका पावसात निघत नाही.

नोंद करायची तर आधी उत्तर दिशा लावा, मोजपट्टी ठेवा, सुतळीने मीटर-मीटरचे चौकोन पाडा (खिळे ठोकून नव्हे, टोकांना धोंडे ठेवून) आणि एकेक चौकोन आलेखाच्या कागदावर उतरवा. फोटो ऊन तिरकं असताना काढा. कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती जवळपास १८ मीटरचा आहे, पोटात आणखी कितीतरी प्राणी. शेपटीशी उभं राहून सोंडेचा पत्ता लागत नाही. तिथे काय खडूचं पोतं नेणार?

आणि पिन टाकू नका. कृपा करा.

घारीची_नजर
सुतळी? साहेब, कुठल्या जमान्यात आहात? ड्रोन उडवायचा, एकावर एक चढणारे दोन-तीनशे फोटो काढायचे, सॉफ्टवेअरमध्ये टाकले की मिलीमीटरपर्यंत मॉडेल तयार. तुम्ही आलेखावर पेन्सिल घासत बसा.

सडेकर
भर दुपारी वरून काढलेल्या फोटोत कातळ पाटासारखा सपाट दिसतो. बोटभर खोलीची रेषा गायब. शिवाय आधी गवत आणि माती कोण काढणार, तुमचा ड्रोन?

घारीची_नजर
मॉडेल झालं की संगणकावर सूर्य हवा त्या बाजूने आणता येतो. पूर्वेकडून, पश्चिमेकडून, जमिनीला टेकवून. तुमच्या सुतळीला जमतं का ते?

सडेकर
बरं, सूर्य तुमचा. केरसुणी आमची. आणि केरसुणीच म्हणतोय, तारेचा ब्रश नव्हे, तोही पाहिलाय एकाच्या हातात.

संगमेश्वरी
खडूबद्दल सडेकरांशी शंभर टक्के सहमत. पिनेबद्दल अजिबात नाही. माझ्या आतेभावाच्या शेजारच्या जमिनीत एक मोठी चौकोनी आकृती होती, आम्ही लहानपणी तिच्यावर बसून करवंदं खाल्ली. गावाबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. गुपित अगदी छान राखलं गेलं! मग चिरेखाण आली. मशीनने अर्धी आकृती चिऱ्यांत कापली गेली, ते चिरे कुणाच्या तरी बंगल्याच्या कंपाउंडला लागले असतील. खाणवाला म्हणाला, "मला काय माहीत? कागदावर कुठे होतं?" खरंच नव्हतं. सातबाऱ्यावर हत्ती दिसत नाही, "पोटखराबा", म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, एवढंच दिसतं. कलमांसाठी सुरुंग लावणाऱ्यालाही तेवढंच दिसतं. लपवून वाचलेलं एक तरी शिल्प दाखवा.

सडेकर
कागदावर आणा, पुरातत्त्वला कळवा, ग्रामपंचायतीत द्या. रीलवर टाकणं वेगळं.

संगमेश्वरी
कळवून बघा आणि उत्तराची वाट बघत बसा. आम्ही बसलोय.

बावल्यांचो_शेजारी
तुमी दोघय शाने. फोटो काढूक येतास, पानी आमच्या बावडेचा पितास, आणि जमीन कोनाची ता कोन इचारीत नाय. कुडोपीच्या सड्याक आमी पिढ्यान् पिढ्या बाहुल्यांचा टेंब म्हनतव. तुमी "शोध लावलो" म्हनतास! आमी काय आंधळे होतव?

(आता सगळ्यांना कळावं म्हणून पुस्तकी लिहितो.) सडा म्हणजे तुम्हाला मोकळं माळरान वाटतं. तिथलं गवत आमच्या गुरांचं. पावसात माती साठते त्या खोलगट जागेत आम्ही नाचणी करतो. उद्या स्मारक झालं की गुरं बंद, गवत बंद, आणि मोबदला? एक फलक.

चाकरमानी_डोंबिवली
नेमकं! आमच्या सड्याच्या सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली निम्मी वारलेली. सामाईक जमीन. एका हिस्सेदाराने खाणवाल्याला परस्पर सही दिली, आम्हाला गणपतीला गेल्यावर कळलं. शिल्पाचं राहू दे, आधी आमचं वाटप करून द्या.

बावल्यांचो_शेजारी
गणपतीक येतास म्हनून गणपतीक कळता. बाराय म्हयने आमी ऱ्हवतव.

चाकरमानी_डोंबिवली
मनीऑर्डरी कोण पाठवत होतं हो बारा महिने? घराची कौलं कुणाच्या पैशाने आली?

संगमेश्वरी
झालं सुरू.

तटस्थ_नाही
बारसूबद्दल कुणीच का बोलत नाही? २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत नाव गेलं, दोन वाघांमधला तो कोरलेला माणूस त्याच सड्यावर, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथेच रिफायनरीसाठी माती परीक्षण. यादीने काय वाचवलं?

धागा_राखणदार
रिफायनरीवर स्वतंत्र धागा आहे, तिथे भांडा. कौलं आणि मनीऑर्डरीही तिकडेच न्या.

कुशावतीकाठ
गोव्यातून. आमच्या पणसायमळची कातळशिल्पं त्याच यादीत आहेत. १९९३ साली अभ्यासकांपर्यंत पोचलं, गावाला आधीपासून माहीत होतं, तेव्हा शेजाऱ्यांचा राग समजतो. पण आता येणारे बुटांसकट तिथल्या कोरलेल्या चक्रव्यूहावर उभे राहून सेल्फी काढतात. एकजण तर बाटलीतलं पाणी ओतून त्यात चपलेने रेषा "साफ" करत होता. म्हणून पिनेला माझाही विरोध. वीस हजार वर्षं टिकलेलं वीस वर्षांत झिजवू नका.

घारीची_नजर
वीस हजार कुणी ठरवलं? कोरीव रेषेत कोळसा नाही, हाड नाही, थेट वय काढायचं कशाने? गेंडा आहे, शेतीचं एकही दृश्य नाही, म्हणून शेतीच्या आधीचं असावं असा अंदाज. अंदाजालाही खडू फिरवताच की तुम्ही.

सडेकर
हे मात्र चांगलं बोललात. लिहायला जड जातंय.

संगमेश्वरी, रात्रभर तुमच्या आकृतीचा विचार केला. पिनेला माझा विरोध आहेच, पण लपवूनही वाचत नाही, हे मान्य करावं लागतंय. मग निदान गट नंबरसह आराखडा ग्रामसभेच्या ठरावात घाला. खाणीचा अर्ज आला की विरोधात लावायला कागद तरी हातात असेल.

बावल्यांचो_शेजारी
ठराव कोन मांडतलो? तुमी मतदार पुन्याचे.

संगमेश्वरी
आम्ही मांडू. उक्षीच्या लोकांनी आपल्या गावच्या कोरलेल्या हत्तीभोवती कठडा केला तेव्हा कुणी पुण्याहून आलं नव्हतं.

रीलवाला
भाऊ मीच तो. तुमच्यापैकी कितीजणांनी एक तरी नवीन शिल्प शोधलंय? कल्ला मला अजूनही कल्लाच वाटतो. पिन काढली, खूश?

सडेकर
पिन काढलीत, आभार. स्क्रीनशॉट कालच तीन ग्रुपवर फिरले आहेत. जमीनमालकाला शनिवारच्या गर्दीची कल्पना दिलीत का?

रीलवाला
मालक कोण ते माहीत नाही.

बावल्यांचो_शेजारी
😂 चाळीस आसतले. सातबारो काढ.