दशावतार आणि डबलबारीच्या चित्रीकरणासाठी ७५ हजारांत संगणक: दुकानदाराने दिलेली यादी योग्य आहे का?

पखवाजप्रेमी (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात राहतो. जत्रांच्या हंगामात आमच्या पंचक्रोशीतील दशावतारी नाटके आणि डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याची, भजने मी मंडळांच्या परवानगीने चित्रित करतो, आणि पावसाळ्यात घरच्या एका खोलीत स्थानिक बुवांची भजने ध्वनिमुद्रित करतो. दोन मोबाईल ४के मध्ये चित्रण करतात. तिसरा कॅमेरा भाड्याचा असतो आणि तो १० बिट ४:२:२ एच.२६५ या (रंगाचा तपशील जास्त, पण संगणकाला उलगडायला जड अशा) प्रकारात मुद्रण करतो. पेटी, मृदंग, झांज आणि पात्रांचे आवाज आठ वाहिन्यांच्या वेगळ्या रेकॉर्डरवर घेतो. नाटक साधारण तीन तास चालते.

आतापर्यंतचे सर्व काम आठ वर्षांपूर्वीच्या, ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर केले. मात्र तिन्ही कॅमेऱ्यांची दृश्ये एकत्र लावली की चित्र जागीच थांबते, आणि भजनाच्या वेळी बुवांना हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येतो.

माझ्याकडे ७५ हजार रुपये आहेत. मॉनिटर, कळफलक आणि माऊस जुनेच वापरेन. परंतु दोन माइक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारे यंत्र) याच रकमेत बसवायचा आहे. एका दुकानदाराने ६८ हजारांची पुढील यादी दिली आहे: इंटेल आय ५-१२४००एफ, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅमची एक पट्टी, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी (वेगवान साठवण), आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, पुढे काच आणि चार रंगीत दिव्यांचे पंखे असलेले कॅबिनेट, आणि ‘५०० वॉट’ एवढेच लिहिलेला एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग). ही यादी माझ्या कामाला योग्य आहे का, आणि नसल्यास काय बदलावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

स्वरसंकलक

आपण कामाचे वर्णन नेमके दिले आहे, त्यामुळे उत्तरही नेमके देता येते. ही यादी खेळ खेळणाऱ्या मुलाला शोभेल. आपल्या कामात अडचण जिथे आहे, तिथे तिच्यात पैसा घातलेला नाही.

सर्वांत आधी प्रोसेसरच्या नावामागचा ‘एफ’ पाहा. या अक्षराचा अर्थ असा की त्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, आणि म्हणून इंटेलचे क्विक सिंक, म्हणजे चित्रफीत उलगडण्याची हार्डवेअरची सोयही नाही. आपला भाड्याचा कॅमेरा १० बिट ४:२:२ एच.२६५ देतो. असे चित्र हार्डवेअरच्या साहाय्याने उलगडण्याची सोय इंटेलच्या ११व्या आणि त्यापुढच्या पिढ्यांतील डेस्कटॉप प्रोसेसरांच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये आहे, परंतु एनव्हिडियाच्या ३० आणि ४० मालिकांच्या कार्डांमध्ये ती नाही. त्यांच्याकडे ती ५० मालिकेपासून आली. म्हणजे दुकानदाराच्या यादीत कार्डावर मोठी रक्कम खर्च करूनही नेमकी त्याच कॅमेऱ्याची फाईल प्रोसेसरच्या गाभ्यांना स्वतः उलगडावी लागेल, आणि तिच्या जोडीला मोबाईलच्या दोन फायली लावल्या की आजचाच अनुभव पुन्हा येईल.

माझी सूचना आय ५-१२५०० किंवा आय ५-१३५०० घेण्याची आहे. या दोन्हींमध्ये यूएचडी ७७० हे अंगभूत ग्राफिक्स आहे. साध्या १२४०० मधील यूएचडी ७३० मध्ये चित्र उलगडण्याचे एकच यंत्र असते, तर ७७० मध्ये दोन असतात, आणि तीन कॅमेरे एकाच वेळी पाहताना हा फरक कामाला येतो. ग्राफिक्स कार्ड आज घेऊच नका. त्याची जागा रिकामी राहू द्या.

आता साठवण. १०० मेगाबिट वेगाने चित्रण करणारा कॅमेरा तासाला ४५ जीबी जागा घेतो, म्हणजे तीन तासांच्या नाटकाला १३५ जीबी. मोबाईल ५० मेगाबिटचे धरले तर दोघांचे मिळून तेवढेच होतात. आठ वाहिन्यांचा २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झचा ध्वनी तीन तासांत साडेबारा जीबीच्या आत राहतो. त्याची चिंता करू नये. एकूण एका नाटकाला सुमारे २८० जीबी लागले. ५१२ जीबीच्या एसएसडीवर विंडोज, सॉफ्टवेअर आणि एक नाटक ठेवले की ती संपलीच. म्हणून चालू कामासाठी १ टीबीची एनव्हीएमई आणि पूर्ण झालेल्या कामांसाठी ४ टीबीची हार्ड डिस्क, अशी जोडी घ्या. एनव्हीएमई तिसऱ्या पिढीची असली तरी पुरते, कारण आपले तिन्ही कॅमेरे मिळून सेकंदाला २५ मेगाबाइटच मागतात. मात्र अगदी स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) प्रकारची टाळा. मोठी फाईल उतरवताना तिची कॅश, म्हणजे तात्पुरती वेगवान जागा, भरली की लिहिण्याचा वेग एकदम ढासळतो.

बुवांना आवाज उशिरा ऐकू येण्याचे कारण बहुधा लॅपटॉपचे अंगभूत साऊंड कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर यांत आहे. ४८ किलोहर्ट्‌झवर २५६ नमुन्यांचा बफर (ध्वनी पुढे पाठवण्याआधी साठवण्याची जागा) ठेवला तर एका दिशेचा विलंब ५.३ मिलिसेकंद होतो, आणि १२८ ठेवला तर त्याच्या निम्मा. ध्वनी हवेत एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो. म्हणजे २५६ चा बफर हा पेटीपासून पावणेदोन मीटरवर बसून ऐकण्यासारखा आहे, जे कोणत्याही भजनी मंडळात रोजचे असते. जाणे-येणे आणि कन्व्हर्टरचा वेळ धरून ही संख्या वाढते, पण उत्पादकाचा स्वतःचा एएसआयओ (कमी विलंबाचा) ड्रायव्हर असलेला इंटरफेस घेतला तर ती सुसह्य राहते. शिवाय बहुतेक दोन माइकच्या इंटरफेसांवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चे बटण असते, ते दाबले की बुवांचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये पोहोचतो. आपल्या भजनांच्या कामाला मला ग्राफिक्स कार्डापेक्षा हे बटण अधिक महत्त्वाचे वाटते.

लॅमिंग्टनकर

स्वरसंकलक यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु कार्ड अजिबात नको हे मला पटत नाही. दशावतार रात्री होतो. गॅसबत्तीची जागा हॅलोजन आणि एलईडीने घेतली असली, तरी पात्राच्या चेहऱ्यावर प्रकाश आणि मागे काळोख अशीच स्थिती असते, आणि चित्रात दाणे येतातच. रंगदुरुस्ती आणि दाणे घालवणे ही कामे डाविंची रिझॉल्व्हसारखे सॉफ्टवेअर जवळजवळ पूर्णपणे ग्राफिक्सवर टाकते, आणि यूएचडी ७७० तिथे फार लवकर थकते. त्यात अंगभूत ग्राफिक्स स्वतःची मेमरी रॅममधूनच घेते. आपण रिझॉल्व्ह वापरणार असाल तर इंटेल आर्क ए३८० चा विचार करा. हे ६ जीबीचे छोटे कार्ड आहे, ४:२:२ एच.२६५ स्वतः उलगडते आणि एव्ही१ या नव्या प्रकारात चित्र तयारही करते. फक्त मदरबोर्डच्या बायोसमध्ये (मूळ सेटिंगमध्ये) ‘रिसायझेबल बार’, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू करावी लागते, अन्यथा त्याचा वेग बराच उतरतो.

पैसे भरण्याआधी एक काम अवश्य करा. भाड्याच्या कॅमेऱ्याची दोन मिनिटांची मूळ फाईल पेन ड्राइव्हवर घ्या आणि जिथे असा संगणक असेल तिथे, आपण जे सॉफ्टवेअर वापरणार त्याच्याच आवृत्तीत उघडून पाहा. रिझॉल्व्हची मोफत आणि सशुल्क आवृत्ती यांत अशा फायली हाताळण्याबाबत फरक आहेत. लिनक्सवर तर मोफत आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ उघडतच नाही.

रॅमविषयी: १६ जीबीची एक पट्टी घेऊ नये, कारण मग मेमरीची दुसरी वाहिनी रिकामी राहते आणि अंगभूत ग्राफिक्सला तिचा सर्वाधिक फटका बसतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत. कारखान्यांची क्षमता एआयच्या डेटा सेंटरांकडे वळली आहे. त्यामुळे एकदम ३२ जीबी परवडत नसेल तर ८ जीबीच्या दोन पट्ट्या आज घ्या. मात्र त्यासाठी मदरबोर्ड चार खाचांचा, बी६६० किंवा बी७६० जातीचा आणि डीडीआर४ चा पाहून घ्या. एच६१० वर दोनच खाचा असतात, म्हणजे उद्या रॅम वाढवताना आजच्या पट्ट्या काढून टाकाव्या लागतील.

अर्थिंगवाला

मी गेली वीस वर्षे कोकणात लहान स्टुडिओंची वीजजोडणी करतो, म्हणून यादीतील शेवटच्या ओळीवर थांबतो. केवळ ‘५०० वॉट’ लिहिलेला एसएमपीएस घेऊ नका. ८० प्लस ब्राँझ प्रमाणपत्र असलेला, नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॉटचा घ्या. आपल्या जोडणीला तो भरपूर होतो, आणि त्याच्यावर तीन ते पाच वर्षांची वॉरंटी मिळते. निकृष्ट एसएमपीएस जळताना एकटा जळत नाही. मी त्याच्याबरोबर मदरबोर्ड आणि दोन वर्षांचे मुद्रण असलेली हार्ड डिस्क गेलेली पाहिली आहे. त्या माणसाकडे दुसरी प्रत नव्हती.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये विजा होतात, आणि पावसात दिवसातून अनेकदा वीज जाते. १००० व्हीए च्या आसपासचा यूपीएस काम जतन करून संगणक बंद करायला पुरेसा वेळ देतो. घरचा इन्व्हर्टर जुन्या चौकोनी तरंगाचा असेल तर त्याच्यावर ध्वनिमुद्रण करू नका, कारण त्याची गुणगुण माइकच्या प्रत्येक वाहिनीत उतरते. विजा चमकू लागल्या की संगणकाचा प्लग आणि इंटरनेटची तार, दोन्ही काढून ठेवा. यूपीएस त्यापासून वाचवत नाही.

अर्थिंग. खोलीतील सॉकेटला तिसरी पिन दिसते म्हणजे मागे तार जमिनीपर्यंत गेली आहे, असे धरू नका. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांतील व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावे. जांभ्या दगडाच्या कोरड्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कमकुवत होते, म्हणून खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून त्यात पाणी सोडण्याची पद्धत आहे, आणि ती उन्हाळ्यात सांभाळावी लागते. मुद्रणात ५० हर्ट्‌झची घूं येते तेव्हा लोक माइक बदलतात, तारा बदलतात, इंटरफेस परत करतात, आणि शेवटी दोष खड्ड्यात निघतो. घूं घालवण्यासाठी तिसरी पिन कापू नका. ते जिवावर बेतू शकते.

पखवाजप्रेमी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. लॅमिंग्टनकर यांनी सुचवल्याप्रमाणे काल एका स्नेह्यांकडे, आय ५-१३५०० असलेल्या आणि कार्ड नसलेल्या संगणकावर, माझ्या तिन्ही कॅमेऱ्यांच्या फायली लावून पाहिल्या. त्यांच्याकडे असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये त्या न अडकता चालल्या. रंगदुरुस्तीचे दोन थर चढवल्यावर मात्र चित्र धक्के देऊ लागले. माझे काम निम्म्याहून अधिक केवळ काटछाटीचे असल्यामुळे कार्ड पुढच्या हंगामावर ढकलतो आणि तोवर प्रॉक्सी (मूळ फायलींच्या हलक्या प्रती) बनवून काम करतो. मदरबोर्ड बी७६०, रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या, १ टीबी एनव्हीएमई, ४ टीबी हार्ड डिस्क आणि ब्राँझ एसएमपीएस असे ठरले. एकच शंका उरली: संगणक आणि माइक एकाच खोलीत असणार आहेत. पंख्यांच्या आवाजाचे काय करावे?

स्वरसंकलक

आपला निर्णय मला योग्य वाटतो. पंख्यांसाठी काचेचे तोंड असलेले कॅबिनेट सोडून जाळीचे घ्या. हवा सहज आत आली की पंखे हळू फिरतात. प्रोसेसरबरोबर मिळणारा छोटा पंखा ताण पडला की किंचाळतो, म्हणून १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर बसवा. बायोसमध्ये प्रोसेसरची वीजमर्यादा ६५ वॉटवर बांधा. ध्वनिमुद्रणात या मर्यादेने सहसा काही अडत नाही. अंतिम चित्रफीत तयार व्हायला थोडा अधिक वेळ लागतो, पण ते काम रात्री लावून ठेवता येते. हार्ड डिस्क रबरी वॉशरवर बसवा, आणि मुद्रणाच्या वेळी ती थांबलेली राहावी म्हणून चालू गाणे एनव्हीएमईवरच ठेवा.

यानंतरही आवाज राहिलाच तर पाच मीटरची यूएसबी तार न घेता मॉनिटरची तार लांब घ्या, माइक संगणकाकडे पाठ करून ठेवा आणि मध्ये दांडीवर जाड गोधडी टाका. कार्डिऑइड माइक मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो. नुसती दिशा बदलल्याने जो फरक पडतो तो आपल्याला पहिल्याच मुद्रणात कळेल.

लॅमिंग्टनकर

खरेदीच्या वेळी प्रत्येक भागाचा अनुक्रमांक जीएसटीच्या बिलावर लिहून घ्या, आणि खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. जोडलेला संगणक कुरियरने मागवणार असाल तर टॉवर कूलर वेगळा पाठवायला सांगा, कारण प्रवासाच्या हादऱ्यांनी त्याच्या वजनाचा ताण मदरबोर्डवर येतो.

वाचलेल्या पैशांतून ४ टीबीची दुसरी डिस्क घेता आली तर ती कार्डाच्या आधी घ्या, आणि ती घराबाहेर, एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा. अर्थिंगवाल्यांनी सांगितलेली हार्ड डिस्क मला वाचल्यापासून आठवते आहे.