केवळ मत्सर म्हणणे अपुरे आहे
अमेरिकेतील महिला व्यावसायिक बास्केटबॉल लीग ‘डब्ल्यूएनबीए’मधील गोरी खेळाडू केटलिन क्लार्क हिच्याशी मैदानावर होणारी धसमुसळ निव्वळ मत्सरापोटी आहे, हे मत मला पटत नाही. १ जून २०२४ रोजी शिकागो संघाच्या चेनेडी कार्टरने चेंडू खेळात येण्याआधीच तिला धक्का देऊन पाडले. तो फाउल गंभीरच होता आणि लीगने दुसऱ्या दिवशी तसे जाहीरही केले. परंतु त्या एका धक्क्यावर माध्यमांनी जेवढा वेळ खर्च केला, तेवढा त्याच हंगामात एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या एजा विल्सनच्या खेळावर केला असता, तर बहुसंख्य कृष्णवर्णीय खेळाडूंच्या या लीगमध्ये इतकी कटुता साचली नसती, असे मला मनापासून वाटते. क्लार्कने प्रेक्षक आणले, हे निर्विवाद. मात्र गोरेपणाचा फायदा मिळतो, हे तिने स्वतःच ‘टाइम’ नियतकालिकाच्या मुलाखतीत मान्य केले आहे.