दवाखान्यातील क्ष-किरण शरीरातून आरपार जातात, मग आकाशातील क्ष-किरण हवेत का अडतात?

विद्यार्थिनी, बी.एस्सी. भाग 2, कोल्हापूर
महाविद्यालयातील चर्चासत्रासाठी मी क्ष-किरण खगोलशास्त्र हा विषय निवडला आहे. वातावरण क्ष-किरण शोषून घेते, म्हणून दुर्बीण अवकाशात पाठवावी लागते, असे सर्वत्र वाचायला मिळते. परंतु मांस भेदून हाडाचे चित्र देणारे किरण विरळ हवेत का अडावेत? उपकरण पन्हाळ्यावर नेले तर काही फरक पडेल का?

निवृत्त शिक्षक, पदार्थविज्ञान
हवा विरळ असली तरी तिचा थर फार जाड आहे. आपल्या डोक्यावरच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलो हवा उभी असते. म्हणजे शोषणाच्या दृष्टीने आपण जणू 10 मीटर पाण्याने भरलेल्या विहिरीच्या तळाशी बसून आकाश पाहत असतो. शिवाय दवाखान्यातील किरणांची ऊर्जा काही दशक किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (किरणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) असते, तर आकाशातील बहुतेक स्रोत 1 ते 10 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात अभ्यासले जातात आणि हे मृदू, म्हणजे कमी ऊर्जेचे, किरण काही मिलिमीटर ते काही मीटर हवेतच संपतात. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा जेमतेम 400 मीटर उंच आहे, त्यामुळे तिथे गेल्याने वाऱ्याखेरीज काही हाती लागणार नाही. सुमारे 40 किलोमीटरवर जाणारे फुगे मात्र उपयोगी पडतात, तेही केवळ अधिक ऊर्जेच्या किरणांसाठी.

एक वाचक
इतिहासही सांगावा. 18 जून 1962 रोजी शास्त्रज्ञ रिकार्डो जियाकोनी आणि सहकाऱ्यांनी सोडलेल्या अग्निबाणाने चंद्रावरून येणारे क्ष-किरण शोधायचे होते, पण त्याला वृश्चिक तारकासमूहात अनपेक्षित प्रखर स्रोत सापडला आणि तोही निरीक्षणाच्या अवघ्या सहा मिनिटांत. तो म्हणजे जोडीदार ताऱ्याचा वायू ओढून घेणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मृत ताऱ्याचा अतिघन गाभा. कोसळणारा हा वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो, म्हणून क्ष-किरण निघतात. जियाकोनींना 2002 मध्ये नोबेल मिळाले.

विद्यार्थिनी
सर, आभारी आहे. एक शंका राहिली: हे किरण आरशातूनही आरपार जाणार, मग दुर्बीण प्रतिमा तयार कशी करते?

निवृत्त शिक्षक, पदार्थविज्ञान
समोरून आले तर आत शिरतात किंवा शोषले जातात. पण पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, अंशभर कोनात घासून गेले तर परावर्तित होतात. रंकाळ्यात चपटा खडा तिरका फेकला की तो टप्पे घेत जातो, वरून टाकला की बुडतो. उपमा अपुरी आहे, पण कोनाचे महत्त्व तिच्यातून कळते. म्हणून या दुर्बिणीचे आरसे ताटासारखे नसून एकात एक बसवलेल्या नळकांड्यांसारखे असतात. 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या उपग्रहावरील मृदू क्ष-किरण दुर्बिणीत सोन्याचा मुलामा दिलेले पातळ पत्रे याच रीतीने बसवले आहेत. तिची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात. चर्चासत्रात केवळ चित्रे दाखवण्याऐवजी एखाद्या स्रोताची तेजस्विता वेळेनुसार कशी बदलते, याचा आलेख स्वतः काढून पाहा.