जेलीफिशच्या थव्याने वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल) वाढतात की घटतात?

भीमाकाठ (सोलापूर):
बी.एस्सी.च्या सेमिनारला हा विषय घेतलाय. उजनीत सांडपाण्याने पाणी हिरवं होतं, समुद्रात जेलीफिशमुळे तसंच होतं असं धरायचं का? आणि अमोनियम मोजायचा प्रयोग सोलापुरात जमेल का?

खारंपाणी:
उजनीची तुलना चालणार नाही. तिथे नायट्रोजन-फॉस्फरस भीमेतून, बाहेरून येतो. जेलीफिश नवं काही आणत नाहीत. कोपेपॉडच्या (वनस्पतिप्लवकांवर चरणारे इवलेसे कवचधारी जीव) अंगात अडकलेला नायट्रोजन खाऊन अमोनियम म्हणून मोकळा करतात. वनस्पतिप्लवकांना तो नायट्रेटपेक्षा सोपा पडतो, कारण नायट्रेट वापरण्याआधी पेशीला ऊर्जा खर्चून त्याचं अमोनियम करावं लागतं. शिवाय चरणारे कोपेपॉड घटतात. पण पाणी मुळात नायट्रोजनचं भुकेलं असेल तरच फरक दिसतो. पावसाळी वाऱ्यांत ओमानच्या किनाऱ्याला खालून भरपूर नायट्रेट वर येतं, तिथे हा हातभार कुणाच्या लक्षातही येणार नाही.

गाळवाला:
थवा मेल्यावर काय होतं हेही सेमिनारमध्ये घ्या, बरेच जण त्याआधीच थांबतात. शरीर सुमारे ९५ टक्के पाणी, उरलेल्यात प्रथिनं जास्त. कोमट उथळ पाण्यात काही दिवसांत कुजतं, अमोनियम-फॉस्फेट सुटतं आणि ऑक्सिजन उतरतो. खोल समुद्रात मात्र माल वरच्या थरातून जातो. ओमानजवळ मेलेले जेलीफिश ३००० मीटरच्याही खाली पडलेले दिसलेत. जिवंतपणी सुटणारा बुळबुळीत स्राव वेगळाच: त्यात कार्बन भरपूर, नायट्रोजन कमी. जिवाणू त्यातला बराच कार्बन श्वसनात जाळून टाकतात, माशांपर्यंत थोडाच पोचतो.

बीकर५००:
जिवंत जेलीफिश सोलापूरपर्यंत आणायच्या भानगडीत पडू नका. मोजणीचा सराव इथे करा, प्रयोग किनाऱ्यावर. मत्स्यालयाचं मीठ लिटरला ३५ ग्रॅम घालून त्याच पाण्यात अमोनियमची लिटरला ०, १, २, ५, १० मायक्रोमोलची प्रमाणद्रावणं (तुलनेसाठी माहीत प्रमाणाची द्रावणं) करा. साध्या पाण्यात केलीत तर आलेख चुकेल. इंडोफिनॉल पद्धत (अमोनियमने निळा रंग येतो, त्याची गडदता मोजायची), ६४० नॅनोमीटर. सायट्रेट विसरलात तर मॅग्नेशियम साक्यासारखं बसून नमुना गढूळ होतो. काचसामान आम्लाने धुवा. त्या खोलीत अमोनियावालं फरशीचं औषध नको.
किनाऱ्यावर जाळ्याने पकडू नका, जगने पाण्यासकट उचला. घासलं की स्राव सुटतो, आकडा फुगतो. गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात २-३ तास अंधारात ठेवा. तेवढंच पाणी प्राण्याविना शेजारी हवंच, नाहीतर जिवाणूंचं काम जेलीफिशच्या नावावर जाईल.

खारंपाणी:
कॅसिओपिया (तळाशी उलटी पडून राहणारी जेलीफिश) मात्र घेऊ नका. तिच्या अंगातलं शैवाल अमोनियम आतल्या आत वापरतं, बाहेर फारसं काही येत नाही.