फॅक्टर फाइव्ह लायडन असताना हार्मोनचा पॅच लावावा का?

निद्रानाश: वय ५१, पाळी जाऊन वर्ष होत आलं. रात्री अंगातून अशा वाफा निघतात की गाऊन बदलून पुन्हा डोळा लागेपर्यंत उजाडतं. बहिणीला गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना पोटरीत रक्ताची गुठळी झाली, म्हणून माझीही तपासणी केली. रिपोर्ट: फॅक्टर फाइव्ह लायडन (रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढवणारा जनुकातला बदल), हेटेरोझायगस, म्हणजे जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत. मला स्वतःला गुठळी कधीच झालेली नाही. एक डॉक्टर म्हणतात हार्मोनचं नाव काढू नका, दुसऱ्यांनी पॅच लिहून दिलाय. कुणाचं ऐकू?

रातराणी: माझंही हेच जनुक, आणि पॅच चालू आहे. आमच्या हेमॅटॉलॉजिस्टनी (रक्ताच्या डॉक्टरांनी) प्रिस्क्रिप्शनच्या मागे यकृत काढून समजावलं होतं (चित्र वांग्यासारखं होतं, पण मुद्दा कळला). हार्मोनची गोळी पोटातून आधी यकृतात जाते. तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात, आणि गोठणं आवरणारे अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन एस कमी होतात. पॅच किंवा जेलमधलं इस्ट्रोजेन कातडीतून थेट रक्तात उतरतं, यकृतावर तेवढा मारा होत नाही. २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात गुठळ्या दुपटीने वाढल्या होत्या, त्या गोळ्यांवर. फ्रान्सच्या एस्थर अभ्यासात पॅचने तशी वाढ दिसली नाही. 'नाव काढू नका' म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा, की गोळीबद्दल बोलताय की पॅचबद्दल? आणि गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं, ते कुठलं दिलंय तेही बघा.

काठावर: पॅच सगळ्यांनाच चालतो असं मात्र कुणी समजू नका. माझ्यात अँटिथ्रॉम्बिनच जन्मतः कमी, फुफ्फुसात गुठळी होऊन गेलेली. मला सरळ नाही म्हणाले. व्हेन्लाफॅक्सिनच्या (हार्मोन नसलेलं, मुळात नैराश्यावरचं औषध) कमी डोसवर आहे. वाफा निम्म्यावर आल्या, तोंड मात्र कायम कोरडं. आणखी एक, प्रोटीन एस तपासायचं असेल तर हार्मोन सुरू करण्याआधीच. नंतर ते तसंही कमी येतं.

निद्रानाश: गर्भाशय आहे. चिठ्ठीवर मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन) लिहिलंय.

रातराणी: मग मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन (शरीरात बनतं तेच, बारीक कणांच्या रूपात) चालेल का विचारा, गुठळीच्या बाबतीत ते जास्त निर्धोक मानतात. बहिणीचा रिपोर्टही सोबत न्या. आणि पॅच लावल्यावर एकच पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागली, तर चोळत बसू नका, तडक इमर्जन्सीत जा.