सबवूफरचा खालचा बेस येतच नाही, बॉक्समध्ये घोळ आहे का?

गाडीवाला१२
मंडळी मदत हवी आहे. १२ इंची सब (सबवूफर) आहे, ड्युअल कॉइल (आत तारेची दोन वेटोळी) ४+४ ओहम, तयार पोर्टवाल्या (हवेसाठी नळी असलेल्या) बॉक्समध्ये बसवलाय, मोनो अँप २ ओहमला ५०० वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणारी पॉवर). गाडी सेडान, बॉक्स डिकीत. किक ड्रम दणादण वाजतो, पण गाणं जिथे खाली उतरतं तिथे सब एकदम गायब, घुमारा म्हणून नाहीच. बेस बूस्ट पूर्ण केला तर कोन (सबचा पुढचा पडदा) जोरात हलतो पण आवाज नाही, नुसती फडफड. आता सब बदलू की अँप? नवीन घ्यायचं असेल तर काय घ्यावं तेही सांगा.

खर्जप्रेमी
अजून काही विकत घेऊ नकोस रे, आधी जे आहे ते तपासून घे. दोन्ही कॉइल पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडल्यात ना? अँपची वायर काढ आणि बॉक्सच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लाव, १.८ च्या आसपास आलं तर पॅरलल, ७ च्या आसपास आलं तर सिरीज (एकीमागे एक) झालंय आणि अँपला ८ ओहम दिसतोय, मग पॉवर कुठून येणार. पण एक लक्षात ठेव, एक कॉइल उलटी जोडली असेल तरी मीटर तेवढंच दाखवतो. दोन कॉइल एकमेकींच्या विरुद्ध ओढतात आणि बेस मरतो. त्यासाठी दोन्ही कॉइल सुट्या करून एकेकीला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लाव, प्लसला प्लस. दोन्ही वेळा कोन बाहेरच यायला हवा.

स्टेपनी
हेड युनिटमध्ये सबच्या आउटपुटवर हायपास (खालचे सूर कापणारा फिल्टर) चालू राहिलाय का तेही बघा. आणि फेज (सब बाकी स्पीकरबरोबर हलतो की उलटा) ०/१८० करून ऐका, फुकटात होतं.

गाडीवाला१२
मीटर १.८ दाखवतो, सेलवर दोन्ही कॉइल बाहेर ढकलतात. हायपास बंद आहे, लोपास (वरचे सूर कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झला. फेज बदलला की मधला बेस थोडा कमीजास्त होतो, खालचा जैसे थे.

भुसा_आणि_गोंद
मग बॉक्सकडे वळा. मी स्वतः बॉक्स बनवतो आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं की लोक चांगला सब बदलून टाकतात आणि दोष पोर्टच्या नळीत असतो. मोबाइलवर टोन जनरेटर घ्या, बूस्ट पूर्ण खाली, आवाज कमी, आणि ६० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली या, नजर कोनवर ठेवा. एका ठिकाणी कोन जवळजवळ थांबेल आणि पोर्टमधून हवा सगळ्यात जोरात येईल, तेच बॉक्सचं ट्यूनिंग. त्याच्या खाली पोर्टवाल्या बॉक्सचा आवाज ऑक्टेव्हला (दर वेळी हर्ट्झ निम्मे झाले की) २४ डेसिबलने कोसळतो आणि कोनला हवेचा आधारच उरत नाही, म्हणून तो मोकाट हलतो. तुम्ही लिहिलेली फडफड मला तीच वाटते, त्यामुळे बूस्ट आजच काढा नाहीतर कॉइल जाईल. बॉक्सची आतली मापं आणि पोर्टची लांबी-व्यास पण टाका.

गाडीवाला१२
४७ ला कोन थांबला! आतून ५८ × ३६ × ३० सेमी, पोर्ट गोल, आतला व्यास १० सेमी, लांबी फक्त १२ सेमी.

भुसा_आणि_गोंद
सापडलं. मापांवरून ६२ लिटर होतात, त्यातून सबचं चुंबक, पोर्ट आणि आतल्या पट्ट्या वजा केल्या की साधारण ५५ उरतात, १२ इंचीला व्हॉल्यूम म्हणून हे बरं आहे. पण १२ सेमीच्या नळीने ते ४७ हर्ट्झलाच ट्यून होणार, गणितही तेच येतं. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ ला असते, म्हणजे ती तुमच्या बॉक्सच्या खालीच राहिली, ऐकू कशी येणार. ३३ हर्ट्झ हवं असेल तर नळी ३३ सेमी करा (लांब नळी स्वतःच दीड-दोन लिटर जागा खाते, ते धरूनच हा आकडा आहे). तुमच्या बॉक्सची खोली ३६ सेमी, सरळ नळी मागच्या फळीला जवळजवळ टेकेल आणि हवा कोंडेल, तोंडासमोर निदान नळीच्या व्यासाएवढी जागा लागते, तेव्हा आत ९० अंशाचा एल्बो (वळणाचा तुकडा) टाका आणि लांबी मधल्या रेषेने मोजा.

स्टेपनी
त्यापेक्षा १५ सेमीचं जाड पोर्ट का नको? १० मधून फुल पॉवरला फुसफुस येईल की.

भुसा_आणि_गोंद
येईल थोडी, बरोबर आहे. पण व्यास वाढला की त्याच ट्यूनिंगला लांबीही वाढते, १५ सेमीला ८० सेमीच्या वर नळी लागेल, ती या बॉक्सात मावत नाही. त्यापेक्षा नळीच्या दोन्ही टोकांना गोलाई द्या, फरक पडतो. सब काढलाच आहे तर आतले सगळे सांधे सिलिकॉनने भरा, आणि ते पूर्ण वाळल्याशिवाय सब परत बसवू नका, वाळताना निघणारी वाफ काही सबच्या कडेच्या गोंदाला बाधते. अँपवर सबसोनिक (अगदी खालचे सूर कापणारा फिल्टर) असेल तर २७ हर्ट्झच्या आसपास ठेवा, आणि काम झालं की टोन परत लावून बघा.

गाडीवाला१२
झालं मंडळी. एल्बो टाकून ३३ सेमी केली, टर्मिनलच्या कपमागून हवा गळत होती ती पण बंद केली, दोन दिवस वाळू दिलं. आता कोन ३४ ला थांबतो. तोच सब, तोच अँप, बूस्ट शून्यावर, आणि जी गाणी खाली गेली की मरायची ती आता सीटच्या पाठीत जाणवतात. खर्जप्रेमी, भुसा_आणि_गोंद, मनापासून आभार. आता फक्त नंबर प्लेट खडखडतेय, मागे फोमची पट्टी लावतो.