हापूसची एल आणि गोव्याची सिंगल माल्ट: आधी काय घ्यावे?

प्रश्न: आम्ही पुण्यातील पाच मित्र दर महिन्याला कोणा एकाच्या घरी जमून बिअर आणि व्हिस्की चाखतो. या वेळी स्थानिक मायक्रोब्रुअरीतून (बिअरच्या छोट्या कारखान्यातून) केवळ उन्हाळ्यात मिळणारी हापूसची एल, म्हणजे एका प्रकारची बिअर, आणि गोव्याची पॉल जॉन ही सिंगल माल्ट (एकाच कारखान्यात केवळ मोड आणलेल्या जवापासून केलेली) व्हिस्की असा बेत आहे. तर क्रम कसा ठेवावा आणि एल किती गार असावी?

प्रतिसाद १: आधी एलच घ्यावी, कारण ४० टक्क्यांहून अधिक मद्यार्काची व्हिस्की एकदा जिभेवरून गेली की आंब्याचा नाजूक गंध जाणवत नाही. ८ ते १२ अंश सेल्सिअस पुरे. बर्फासारखी गार केलीत तर हापूसचे पैसे पाण्यात गेले म्हणून समजा.

प्रतिसाद २: सहमत आहे. व्हिस्कीत मात्र चमचाभर साधे पाणी घालून पाहावे, गंध मोकळा होतो. सोडा नको, निदान पहिल्या पेल्यात तरी. गोव्याच्या उष्ण हवेत पिंपातील मद्य स्कॉटलंडच्या तुलनेत दरवर्षी कितीतरी अधिक उडून जाते आणि लाकडाचा गुणही लवकर उतरतो, त्यामुळे तेथील पाच-सहा वर्षांची व्हिस्की कोवळी वाटत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. गेल्या वेळी मी नेमका उलटा क्रम लावला होता आणि एल निव्वळ कडवट सोड्यासारखी लागली होती.